अंदाजाची किंमत बावीस

आराखडा नाही, मोजमाप नाही, कोण काय करणार ते ठरलेलं नाही आणि तरीही काम मात्र धडाक्यात चालू आहे, अशा कारभाराला मराठीत एक फर्मास शब्द आहे: अंदाजपंचे. लग्नातल्या पानांचा हिशेब अंदाजपंचे होतो, सोसायटीच्या गच्चीची दुरुस्ती अंदाजपंचे होते, निवडणुकीच्या आदल्या रात्रीची जागांची गणितं तर अंदाजपंचेच असतात. शब्द इतका तोंडात बसलाय की त्याची फोड करून बघावी असं सहसा कुणाच्या मनात येत नाही. 'अंदाज' कळतो. पण 'पंचे' म्हणजे काय? पंच मंडळी? खांद्यावरचा पंचा? आणि जुनी माणसं त्यापुढे जे शेपूट लावायची, 'दाहोदरसे', ते काय प्रकरण आहे? माझ्या एका मित्राची कित्येक वर्षं पक्की समजूत होती की हे गुजरातेतलं दाहोद, आणि तिथल्या पंचांनी कधीकाळी काहीतरी भलताच निवाडा दिला असणार. त्या पंचांची नावं शोधून काढायचीच काय ती त्याने बाकी ठेवली होती.

खरी गोष्ट पाढ्यात आहे. तीही बावीसच्या.

बावीस एके बावीस, बावीस दुणे चव्वेचाळीस, बावीस त्रिक सहासष्ट, बावीस चोक अठ्ठ्याऐंशी, बावीस पंचे दाहोदरसे.

दाहोदरसे म्हणजे एकशे दहा. शंभराच्या वरची संख्या 'उत्तर' लावून सांगायची संस्कृतची रीत आहे. उत्तर म्हणजे वरचा, पुढचा. एकशे आठ म्हणजे अष्टोत्तरशत, हे जपमाळेमुळे आपल्या कानावर असतं. तसंच दशोत्तरशत म्हणजे शंभरावर दहा. पिढ्यान् पिढ्या पोरांच्या तोंडात घोळून त्याचं दाहोदरसे झालं. पाचोदरसे, बारोदरसे ही त्याचीच भावंडं. पंधरा सातं पाचोदरसे, सोळा सातं बारोदरसे. गावागणिक आणि मास्तरागणिक उच्चार इकडचे तिकडे होत, ठेका मात्र तोच.

आता त्या ओळीतला 'बावीस' उचला आणि त्याच्या जागी 'अंदाज' ठेवा. अंदाज पंचे दाहोदरसे. कुठेही खडखडत नाही. वृत्तांचं थोडं वेड असलेल्यांनी हाताच्या बोटांवर मोजून पाहावं: बावीस म्हणजे गा गा ल, अंदाज म्हणजेही गा गा ल. ज्या कुणी वात्रटाने हा बदल केला त्याला पाढा तर येत होताच, शिवाय कानही होता. 'तर्क पंचे' म्हणून बघा, 'अदमास पंचे' म्हणून बघा. पहिला तोकडा पडतो, दुसरा पाय ओढत चालतो. 'अंदाज' तिथे जन्मापासून असल्यासारखा बसतो.

आणि बीजगणिताच्या नियमाने सोडवायचंच म्हटलं तर अंदाज गुणिले पाच बरोबर एकशे दहा, म्हणून अंदाज बरोबर बावीस. मराठी भाषेत अंदाजाची नेमकी किंमत ठरलेली आहे, हे सांगून कुणाला चकित करायचं असेल तर खुशाल करा.

विनोद असा अल्लद सुचतो कुठे? मला वाटतं, परवच्याला. परवचा ज्यांनी अनुभवला नाही त्यांच्यासाठी सांगायचं तर दिवेलागणीला देवापुढे बसून शुभंकरोती झाल्यावर जे सगळं घडाघडा म्हणायचं असतं तो परवचा: तिथ्या, नक्षत्रं, महिने आणि पाढे. घरात चारसहा पोरं असली की ते सामूहिक व्हायचं. शाळेत तर अख्खा वर्ग एका सुरात. आणि सामुदायिक पाढ्याची एक खुबी आहे, जी त्यात बसलेल्या प्रत्येकाला माहीत असते. पाढा येत नसला तरी चाल येते. पहिला शब्द तोंडातल्या तोंडात पुटपुटायचा, 'पंचे'ला मान हलवायची, डावीउजवीकडच्यांकडे कान ठेवायचा, आणि शेवटच्या '...से'ला छातीत हवा भरून सगळ्यांच्या वर आवाज काढायचा. मास्तरांना वाटावं, हाच एक पोरगा मन लावून म्हणतोय. विशीच्या आतले पाढे बहुतेकांचे पाठ असत; खरी दाणादाण एकवीसच्या पुढे. बावीसच्या पाढ्यात पहिला आकडा गिळून उत्तर मात्र ठणकावणारं ते पोर म्हणजे चालती-बोलती अंदाजपंचे दाहोदरसे. ही काही कागदोपत्री सिद्ध करण्यासारखी गोष्ट नव्हे. पण ज्याने तीस चाळीस गळ्यांच्या कोरसमध्ये बसून अशी वेळ मारून नेली आहे, त्याला तरी माझं म्हणणं पटेल.

हे पाढे तीसवर थांबत नसत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी असा अपूर्णांकांचा अख्खा गोतावळा त्यांच्या मागून यायचा. औट म्हणजे साडेतीन. हा शब्द आता फक्त 'औटघटकेचं राज्य' या एका ठिकाणी जिवंत आहे. घटका चोवीस मिनिटांची, म्हणजे औटघटकेच्या राजाला मोजून चौऱ्याऐंशी मिनिटं मिळायची. हल्लीच्या काही मंत्रिमंडळांच्या मानाने कमीच, पण ते असो. साडेतीनचा पाढा मुलांकडून घोकून घेण्यामागे मास्तरांचा दुष्टपणा नव्हता. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे किंवा बारा पै. मणाचे चाळीस शेर, शेराचे सोळा छटाक. साडेतीन रुपये मण दराने पावणेदोन मण धान्याचे किती, हे दुकानदाराने गिऱ्हाईक समोर उभं असताना सांगायचं. कागद-पेन्सिल घेऊन बसला तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, पाठोपाठ किलो आणि मीटर आले, आणि औटकीचं पोटापाण्याचं काम एकाएकी संपलं. दाहोदरसे, विसासे ही मंडळीही हळूहळू 'एकशे दहा', 'एकशे वीस' यांना जागा देऊन निघून गेली. त्यांच्या जाण्यावर कुणी अग्रलेख लिहिल्याचं आठवत नाही. २०१९ साली मात्र बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'सत्तावीस'च्या जोडीला 'वीस सात' असंही वाचायला सुचवलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला. विधिमंडळापासून नाक्यावरच्या टपरीपर्यंत सगळे भाषाशास्त्रज्ञ झाले. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की जुनी पद्धत काढलेली नाही, जोडाक्षरांनी अडखळणाऱ्या मुलांसाठी दुसरी वाट दिली आहे. ऐकून घेणारे थोडे, विनोद करणारे फार. त्या विनोद करणाऱ्यांतल्या कितीजणांना बावीस पंचे किती ते जुन्या शब्दात सांगता आलं असतं, हा प्रश्न मला तेव्हाही पडला होता.

तर, शेपूट गळालं. उरलं नुसतं 'अंदाजपंचे', आणि अर्थही थोडा घसरला. आता त्याचा अर्थ झालाय बिनयोजना, सुचेल तसं, होईल ते होईल. माझी तक्रार इथे आहे. म्हणीची नांगी शेपटात होती. नुसता अंदाज करण्यात हसण्यासारखं काय आहे? रोज सगळेच करतात. हसण्यासारखं हे आहे की आत घातलाय अंदाज आणि बाहेर आलंय एकशे दहा. एकशे नऊ नाही, एकशे अकरा नाही, सव्वाशेच्या आसपास नाही. थेट दाहोदरसे, पाढ्याच्या ठसक्यात, शंका घ्यायची सोयच नाही अशा आवाजात. म्हण हसते ती अंदाजाला हसत नाही. खात्रीचा अंगरखा घालून फिरणाऱ्या अंदाजाला हसते.

कारण प्रामाणिक अंदाजासाठी मराठीत केवढी व्यवस्था आहे! 'दहाएक माणसं होती' म्हटलं की त्या 'एक'ने दहाच्या कडा पुसट केल्या. तो 'एक' म्हणजे अधिक एक नव्हे, हे परक्या माणसाला समजावताना जीव जातो. 'शे-दीडशे', 'पाच-पन्नास', 'दहा-वीस', 'चार-दोन' या जोड्या तर आपण श्वासासारख्या वापरतो, आणि गंमत म्हणजे त्यातल्या प्रत्येकीचा आवाका निराळा. 'चार-दोन लोक' म्हणजे कुणी नाहीच जवळजवळ. 'पाच-पन्नास' म्हणजे पाचच्या दसपट चूक झाली तरी कुणी भांडायचं नाही. 'चार लोक काय म्हणतील' यातल्या चारांची शिरगणती अजून व्हायची आहे. 'दोन शब्द बोलतो' म्हणून माइक हातात घेणाऱ्यांचा हिशेब तर विचारूच नका. सुमारे, साधारण, जवळपास, अदमासे, उणेपुरे, आडाखा, ठोकताळा, कयास. ज्या भाषेत 'मला नक्की माहीत नाही पण साधारण इतकं' हे सांगायला इतके दरवाजे उघडे आहेत, तिथे दाहोदरसे म्हणणारा माणूस सगळ्या दरवाज्यांवरून पुढे जाऊन भिंतीतून बाहेर पडू पाहतो. म्हणून तो विनोदाचा विषय झाला.

याच्या बरोब्बर उलटी एक गोष्ट आहे, ती मला फार आवडते. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात हिमालयातल्या 'शिखर क्रमांक पंधरा'ची उंची काढायचं काम चाललं होतं. नेपाळात शिरायला परवानगी नाही, म्हणून बिहारच्या सपाट मुलखातून दीडशे किलोमीटरहून जास्त अंतरावरून जाडजूड थिओडोलाइट लावून कोन घेतलेले. हवेतून येताना प्रकाश किती वाकतो त्याची दुरुस्ती, पृथ्वीच्या गोलाईची दुरुस्ती, आणि मग आकडेमोड. राधानाथ सिकदार या बंगाली गणितज्ञाचं नाव त्या आकडेमोडीशी जोडलेलं आहे. असं सांगतात की सगळ्या निरीक्षणांची सरासरी काढली तेव्हा उत्तर आलं बरोब्बर २९,००० फूट. आता पंचाईत. इतक्या वर्षांच्या घामाचं फळ म्हणून हा आकडा जगापुढे ठेवला तर जग म्हणणार, अहो, अंदाजपंचे दिसतंय! म्हणून वर दोन फूट चढवले आणि १८५६ साली जाहीर झाली ती उंची २९,००२ फूट. पुढे त्या शिखराला एव्हरेस्ट नाव मिळालं. २०२० मध्ये नेपाळ आणि चीनने मिळून जाहीर केलेली उंची ८,८४८.८६ मीटर, म्हणजे त्या जुन्या आकड्याहून तीसेक फूट जास्त. तळाशी न जाता, हिमालयाला हात न लावता काढलेल्या आकड्यात तीसेक फुटांचा फरक म्हणजे काहीच नाही. वरचे दोन फूट हिशेबाचे नव्हते, ते खात्रीचं दर्शन होण्यासाठी होते. खऱ्यालाही दाहोदरसे म्हणावं लागलं, नाहीतर लोक विश्वास ठेवेनात.

आणि कसलंही लिखाण नसताना, ठरवाठरव नसताना केलेलं काम 'अंदाजपंचे'च असतं का? हे मला तपासून बघायचं होतं, आणि त्यासाठी कोकणातल्या दशावतार या लोकनाट्याएवढी चांगली जागा दुसरी नाही.

कार्तिकापासून सिंधुदुर्गात जत्रांचा हंगाम लागतो. पार्सेकर, मोचेमाडकर, वालावलकर अशी जुनी नावं लावणारी मंडळं रात्रीमागून रात्री गावं बदलत फिरतात. देवळासमोर मांडव, खाजं आणि लाडवांची दुकानं, गॅसबत्त्यांच्या जागी आता झगझगीत हॅलोजन. रंगपटात म्हणजे मांडवामागच्या कापडी आडोशाला नट जमिनीवर बसून आपापला पेटारा उघडतात. रंगभूषाकार वगैरे कुणी नाही. हातभर आरशात बघून ज्याचा त्याने चेहरा रंगवायचा. मला एकदा तिथे कडेला उभं राहायला मिळालं. राक्षसाचं काम करणारा भुवयांच्या वर लाल रेघ ओढत होता, त्याच्या पलीकडे एकजण नऊवारीचा काष्टा आवळत होता, आणि मधोमध मंडळाचे मालक उभे राहून सांगत होते: आज अमुक आख्यान, तू राजा, तू धाकटा भाऊ, तू राणी, मुनीचा शाप दुसऱ्या प्रवेशात, भाऊ वनात गेल्यावर राक्षसाची एंट्री. एवढंच. कागद नाही, तालीम नाही, चार वाक्यांत चार तासांचं नाटक. राणी मान न वळवता म्हणाली, "भावाला वाचवायचा की मारायचा?" मालक म्हणाले, "वाचवायचा. लोक लांबून आलेत."

मग बाहेर गणपती, रिद्धीसिद्धी, सरस्वती, संकासुर असा आडदशावतार आटोपतो आणि आख्यान सुरू होतं. पायपेटी, पखवाज आणि झांज एका बाजूला. सिंहासन म्हणजे एक बाकडं. आणि आत्ता ज्याला 'भाऊ वाचवायचा' एवढंच सांगितलं होतं तो राजा बाकड्यावर बसून राजधर्म आणि बंधुप्रेम यांतलं श्रेष्ठ काय यावर दहा मिनिटं संस्कृतप्रचुर मराठीत अस्खलित बोलतो. समोरचा मुनी त्यातलाच एक शब्द पकडून उलट प्रश्न टाकतो. राजाला उत्तर द्यावंच लागतं, तेही त्याच पट्टीतलं, कारण समोर पहिल्या रांगेत बसलेल्या आजोबांना पुराणं राजापेक्षा जास्त पाठ असतात. आणि हे चालू असताना पेटीवाल्याचं सगळं लक्ष नटाच्या आवाजावर. वाक्याचा शेवट जरा लांबवला, स्वर किंचित वर गेला की त्याला कळतं, आता पद येणार. नटाने तोंड उघडायच्या आत सूर तयार.

हे बिनलिखित आहे, पण अंदाजपंचे नाही. नटाला पुढचं वाक्य माहीत नाही हे खरं. पण आख्यान माहीत आहे, वंशावळ्या माहीत आहेत, श्लोक आणि ओव्या तोंडात आहेत, समोरचा कुठे अडतो आणि कुठे रंगात येतो हेही माहीत आहे. त्याने बावीसचा पाढा गिळलेला नाही, पचवलेला आहे. शिवाय, आणि मला हे जास्त महत्त्वाचं वाटतं, आपण लिहिलेलं बोलतोय असा आव तो आणत नाही. मांडवातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं की हे आत्ता सुचतंय. म्हणून तर लोक थंडीत घोंगडी घेऊन पहाटेपर्यंत बसतात. उद्याच्या गावात हेच आख्यान वेगळं होणार असतं.

मराठी नाटकाची सुरुवातच मुळी अशी आहे. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' केलं तेव्हा पदं सूत्रधाराने गायची आणि नटांनी आपापली गद्य भाषणं प्रसंग पाहून करायची, अशीच पद्धत होती. पुढे राक्षसांच्या आरोळ्यांवरून या नाटकांना चेष्टेने 'अललडुर्र' म्हणायला लागले. भाषणं लिहून, पाठ करून करायची नाटकं नंतर आली, आणि विनायक जनार्दन कीर्तने यांच्या १८६१ च्या 'थोरले माधवराव पेशवे'पासून ती रुजली, तेव्हा लोकांना ती इतकी नवलाची वाटली की त्यांना वेगळं नाव द्यावं लागलं: 'बुकिश' नाटकं. म्हणजे पुस्तकी. लिहिलेलं बोलणं हा अपवाद होता, त्याला विशेषण लागलं.

दशावतारातून खाली उतरून आता अशा ठिकाणी येऊ जिथे अंदाजावर शिक्का बसतो. खरीप हंगामात सप्टेंबरअखेर जिल्हाधिकारी कार्यालयातून एक बातमी निघते: अमुक जिल्ह्यातल्या इतक्या गावांची 'नजरअंदाज पैसेवारी' पन्नास पैशांहून कमी. पूर्वी हिला आणेवारी म्हणत. चांगलं पीक म्हणजे सोळा आणे. रुपयाचे शंभर पैसे झाल्यावर आणेवारीची पैसेवारी झाली. गावची समिती शिवारात फिरते, उभ्या पिकाकडे बघते आणि यंदा रुपयात किती पैसे पीक येईल ते ठरवते. ऑक्टोबरअखेर सुधारित पैसेवारी, डिसेंबरात अंतिम. अंतिमच्या वेळी नुसती नजर चालत नाही. शेतात दोरी आणि खुंट्यांनी ठरावीक मापाचा चौकोन आखायचा, आतलं पीक कापायचं, मळायचं, वजन करायचं आणि प्रमाण उत्पन्नाशी ताडून बघायचं. याला पीक कापणी प्रयोग म्हणतात. चौकोन कुठे पडायचा हे शेतकऱ्याने ठरवायचं नाही आणि तलाठ्यानेही नाही, तो चिठ्ठी काढल्यासारखा पडला पाहिजे, असा नियम. नियम सुरेख आहे. कारण बांधाकडेच्या सावलीतल्या चार ओळी धरल्या तर दुष्काळ, आणि विहिरीजवळच्या धरल्या तर सुकाळ.

पन्नास पैसे ही वर्षानुवर्षं रेघ होती. खाली गाव गेलं की जमीन महसुलात सूट, पीककर्जाचं पुनर्गठन, कृषिपंपाच्या वीजबिलात ३३.५ टक्के सवलत, मुलांची परीक्षा फी माफ. वर राहिलं की काही नाही. आता त्रेपन्न आणि सत्तेचाळीस यांतला फरक एवढ्या शिवारात डोळ्याला दिसतो का? दिसत नाही. पण रकान्यात 'पन्नासेक पैसे' लिहिता येत नाही. रकान्याला दाहोदरसेच लागतं. तलाठी वाईट नसतो, समितीही वाईट नसते. 'एक' हा प्रत्यय सरकारी नमुन्यात बसत नाही, एवढीच अडचण. २०१६ साली केंद्राने दुष्काळ व्यवस्थापनाची नवी संहिता आणली आणि दुष्काळ ठरवताना पाऊस, भूजल, जमिनीतला ओलावा, उपग्रहातून दिसणारी पिकांची हिरवाई असे निर्देशांक पुढे आले. पैसेवारी तरीही जाहीर होतेच, आणि गावोगावी तिच्यावरून भांडणंही होतातच.

यात एक शब्दाचा खोडसाळपणा आहे, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. 'नजरअंदाज'मधला अंदाज आपण मराठीत नजरेने केलेला अदमास म्हणून घेतो. पण फारसीत 'अंदाख्तन' म्हणजे फेकणं. गोलंदाज गोळा फेकतो, तिरंदाज तीर. हिंदीत 'नजरअंदाज करना' म्हणजे नजरेतून टाकून देणं, दुर्लक्ष करणं. गावाची पैसेवारी बावन्न लागली की शेतकऱ्याला ती कुठल्या भाषेत वाचावीशी वाटते, हे सांगायला नको.

आणि सर्वांत वरच्या पायरीवर आहे अंदाजपत्रक. मराठीने बजेटला दिलेला हा शब्द मला नेहमीच धाडसी वाटत आलाय. चामड्याच्या बॅगेतून, आता टॅबलेटमधून, गंभीर चेहऱ्याने बाहेर येणाऱ्या दस्तऐवजाला आपण सरळ 'अंदाजांचा कागद' म्हणतो. विधिमंडळात खर्चावर नजर ठेवणाऱ्या समितीचं नाव अंदाज समिती. आतले आकडे मात्र कोटीत आणि दशांश चिन्हापुढे दोन घरं. वर्षाच्या शेवटी 'सुधारित अंदाज' येतो, त्यानंतर 'प्रत्यक्ष'. तिन्ही रकाने शेजारी शेजारी ठेवून वाचण्याची ज्याला सवय आहे, त्याला करमणुकीसाठी दुसरं काही लागत नाही. तरी मी म्हणेन, शब्द निवडणाऱ्याने नाव तरी खरं ठेवलंय.

हल्ली मला सगळ्यात जास्त दाहोदरसे ऐकवतो तो खिशातला फोन. पुण्याहून निघालो, मध्ये घाट, पुढे टोलनाका, वर पाऊस. आणि नकाशा सांगतो, पोहोचण्याची वेळ ९:४७. पावणेदहा नाही, दहाच्या सुमारास नाही. थोड्या वेळाने ९:५३, मग १०:०८, दर वेळी तितक्याच ठामपणे, मागचा आकडा आपण कधी बोललोच नव्हतो अशा थाटात. त्याच्या पोटात लाखो गाड्यांचा वेग आहे, तो काही पाढा गिळलेला पोरगा नाही, हे मला मान्य आहे. पण त्याला कुणीतरी 'दहाएक वाजता' म्हणायला शिकवायला हवं होतं. घाटात शिरायच्या आधी मी घरी फोन करतो तेव्हा पलीकडून विचारतात, "किती वाजेपर्यंत?" मी म्हणतो, "साडेनऊ-दहा धरून चला, पाऊस असला तर पुढे. जेवून घ्या."